हेवी (ट्रकच्या) लायसनसाठी पंधरा दिवसांचा क्लास पुरेल का?

केळीवाला_सावदा:
राम राम मंडळी. वय 22, कारचं लायसन निघून दीड वर्ष झालं. सध्या पिकअपमध्ये सावदा-बऱ्हाणपूर केळी टाकतो. आता दिल्लीच्या केळीगाडीवर जायचंय. क्लासवाला म्हणतो, पंधरा दिवस ये, टेस्टचं मी बघतो. मामा म्हणतो, आधी वर्षभर किन्नर, म्हणजे ड्रायव्हरचा हेल्पर, म्हणून फिर, मग स्टेअरिंगला हात लाव. आईला दोन्ही नको, ते वेगळं. कोणाचं ऐकू?

फाईलवाला_जळगाव:
कागदाचं तेवढं सांगतो. वय 20 च्या वर आणि कारच्या लायसनला वर्ष पूर्ण, म्हणजे हेवीचं शिकाऊ निघेल. डॉक्टरचा फॉर्म 1ए, क्लासचा फॉर्म 5. आठवी पासची अट 2019 ला गेली. मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरच्या नियमात हेवीचा कोर्स 38 तासांचा आहे, सहा आठवड्यांत. एका गाडीवर पाच पोरं असली तर पंधरा दिवसांत तुझ्या वाट्याला काय येणार, हिशोब कर.

धुळेकर_18:
घाई कशाला करतो भो? 7500 किलोच्या आतल्या पिकअपला कारचं लायसन चालतं, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 ला सांगितलंय. पोट चालू ठेव, हेवी निवांत शिक.

आबा_शिरपूर:
1998 पासून गाडीवर आहे. क्लासनं मला गाडी पुढं न्यायला आणि रिव्हर्स घ्यायला शिकवलं, तेही रिकामी.

2003 ला इंदूरहून सोयापेंड भरून येत होतो. डिझेल वाचवायचं म्हणून बिजासन घाटात न्यूट्रल केली आणि ब्रेकवर पाय ठेवून बसलो. अर्ध्या उतारात ब्रेकचे लायनर जळल्याचा वास. हवेचा काटा बरोबर, पेडल बरोबर, पण ड्रम इतके तापलेले की लायनर धरेचना. तिसरा टाकायला गेलो तर नुसती करकर, गिअर पडेना. शेवटी डोंगराकडच्या मातीच्या ढिगात घातली. माझा बंपर गेला, किन्नरचा पुढचा दात. अजून भेटला की तोंड उघडून दाखवतो.

2023 ला पळासनेरला ब्रेक गेलेला कंटेनर हायवेकडेच्या हॉटेलात घुसला, माणसं गेली, ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून क्लासवाल्याला एकच विचार, भरलेली गाडी घाटात देतो का? गिअर माथ्यावरच उतरवायचा, उतार लागल्यावर नाही. इंजिननं गाडी धरली पाहिजे, ब्रेक नुसता मदतीला.

बाकीचं किन्नर होऊनच येतं. सकाळी ब्रेकच्या एअर टँकमधलं पाणी सोडायचं. पाण्याबरोबर तेल आलं तर कॉम्प्रेसर दाखवायचा. हवा कमी असल्याचा बझर बंद होईपर्यंत गाडी हलवायची नाही. टामीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायर ठोकायचे, भरलेला टणकन बोलतो, बसलेला थपकन. जोडीतला आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही, म्हणून ठोकायचा.

केळीवाला_सावदा:
आबा, विचारलं. हसला. म्हणे भरलेली गाडी डिझेल किती पिते, माहितीय का? मग मामाला फोन केला. सोमवारी त्याच्या ओळखीची गाडी इथंच भरतेय. टामी सोबत घेऊ का?

आबा_शिरपूर:
टामी गाडीत असते रे. जाड चादर घे, ग्वाल्हेरच्या पुढं रात्री थंडी वाजेल. आणि आईला सांगून निघ.