शब्दचर्चा : ‘क्योन्शी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : फॅमिकॉम या जपानी गेमयंत्रावरच्या ‘रेइगेन दोशी’ (१९८८) या व्हिडिओ गेमबद्दल लिहितेय. १९९० मध्ये तो अमेरिकेत ‘फँटम फायटर’ नावाने आला. त्यात आपण चीनमधल्या ताओ पंथाचा मांत्रिक. गावोगाव जाऊन, हात समोर धरून उड्या मारत येणाऱ्या प्रेतांशी, म्हणजे ‘क्योन्शीं’शी लढायचं. मिळालेल्या गुंडाळ्या आखाड्यात गुरूकडे न्यायच्या, त्याच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि नवे डाव शिकायचे. या प्रेतांना मी ‘रक्तपिपासू’ लिहिलंय, पण खटकतंय.

– खटकणारच. गेम ज्यावरून केला त्या १९८५च्या हाँगकाँगच्या चित्रपटाच्या इंग्रजी नावातच ‘व्हॅम्पायर’ आहे, तिथून हा घोळ. जुन्या चिनी गोष्टींतलं हे भूत माणसातली ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती ओढून घेतं. म्हणून तर पडद्यावर लोक श्वास रोखून उभे राहतात. रक्तावर भर दिला तर तो प्रसंगच कळणार नाही.

– मग ‘वेताळ’ का नको? प्रेतात शिरणारा, झाडावर लटकणारा. गोष्टीतला वेताळ तोच ना?

– दादा, गोष्टीपुरतं ठीक. पण आमच्याकडे कोकणात वेताळ म्हणजे वेतोबा, गावाचा राखणदार आहे. आरवलीला त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. त्याला क्योन्शीसारखं कपाळावर मंतरलेला पिवळा कागद चिकटवून थोपवायचं? मला नाही पटत. शिवाय वेताळ बोलतो, कोडी घालतो. हे प्रेत मुकं.

मूळ शब्द बघा. मँडरिन म्हणजे प्रमाण चिनीत ‘ज्यांगशी’, त्यातलं ‘ज्यांग’ म्हणजे ताठ, ‘शी’ म्हणजे प्रेत. जपानी ‘क्योन्शी’ हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीतल्या उच्चाराच्या वळणाचा. आपल्याकडे यासाठी नेमकं क्रियापद आहे : आखडणे. गुडघा वाकत नाही म्हणून चालता येत नाही, म्हणून जोडपायांनी उडी. ‘आखडलेलं प्रेत’ म्हटलं की चालही कळते. चीनच्या हूनान प्रांतात परगावी मेलेल्यांना बांबूला बांधून घरी नेत आणि बांबू लवला की प्रेतं उसळल्यासारखी दिसत, अशीही एक उपपत्ती सांगतात.

– उसळत! ‘टुणटुण’ मात्र लिहू नका ताई, भोपळ्याची म्हातारी आठवते.

– पटलं. नाव ‘क्योन्शी’च ठेवते, कारण गेम जपानी आहे. पहिलं वाक्य बदललं : ‘आखडलेल्या अंगाचा क्योन्शी जोडपायांनी उसळत पुढ्यात येतो.’