नाशिक: वरच्या मजल्याचा उकाडा कसा कमी करावा?

प्रश्न: पाथर्डी फाट्याजवळ दुमजली घर बांधतोय. एसीशिवाय एप्रिल-मे निघायला हवा. भिंतींना एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) पुरतील का? (खालची गवंडीकाम, विटाब्लॉक, छज्जा ही उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं.)

गवंडीकाम: आधी स्लॅब बघा. नाशिक २० अक्षांशावर, मेमध्ये दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर; सगळ्यात जास्त ऊन छतच खातं. वॉटरप्रूफिंग करा, ४८ तास पाणी साठवून तपासा, मग ५० मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा घट्ट फोम), सांध्यांना टेप, वर जाळी घालून काँक्रीटचा थर आणि पांढरा चायना मोझेक (चिनीमातीच्या टाइलचे तुकडे). उतार १:१०० ठेवाच. साधा थर्माकोल नको, पाणी धरतो.

विटाब्लॉक: ब्लॉक २०० मिमी जाडीचे घ्या, पण कॉलमच्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी मारा. तिथेच उभे तडे जातात, कारण काँक्रीट आणि ब्लॉक वेगवेगळे आकसतात.

छज्जा: पश्चिमेला नुसता छज्जा कुचकामी, संध्याकाळचं ऊन तिरपं आत येतं. उभे फिन (खिडकीबाहेरच्या उभ्या पट्ट्या) किंवा ऊन अडवणारी जाळी लावा. जिना, बाथरूम त्याच बाजूला ढकलता आलं तर उत्तम.

प्रश्नकर्ता: आणि सोलर?

गवंडीकाम: ३ किलोवॅट, दक्षिणेकडे तोंड, उतार २० अंशांच्या आसपास, वर्षाची सरासरी रोज साधारण १२ युनिट. पाण्याची टाकी पॅनेलच्या उत्तरेला ठेवा. एका पॅनेलवर सावली पडली तरी अख्ख्या ओळीची वीज घटते.