मायग्रेन असलेल्या मुलाला स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना कळायला त्रास होतो का?

सुदामानगरची आई

नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय पण वाचा प्लीज. माझा मुलगा १० वर्षांचा, पाचवीत आहे. मागच्या वर्षी न्यूरोलॉजिस्टनी मायग्रेन आहे म्हणून सांगितलं, सगळ्या तपासण्या झाल्या, बाकी काही निघालं नाही. डोकं दुखायला लागलं की कपाळ धरून बसतो, उलटी होते, मग अंधार करून झोपतो आणि दोन-तीन तासांत उठून जेवायला मागतो. तेवढं आता आम्हाला जमतं. माझा प्रश्न वेगळा आहे.

त्याला काहीही विचारलं की एकच उत्तर, "माहीत नाही". शाळेत काय झालं, राग आला का, वाईट वाटलं का, सगळ्याला माहीत नाही. आणि दुसऱ्यांचंही कळत नाही असं वाटायला लागलंय. रंगपंचमीला खालच्या मजल्यावरचा त्याचा जिवलग मित्र पिचकारी घेऊन दारात उभा, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला जायचं म्हणून, आधीपासून ठरलेलं होतं. ह्याने दार उघडलं, "नाही येत" म्हणाला आणि दार लावून घेतलं. बस. तासाभराने डोकं दुखायला लागलं ते वेगळं. दुसऱ्या दिवशी मित्र बोलेना तर मला विचारतो, "आई, तो का रुसलाय?" अगदी खरंच विचारत होता हो, त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं मला.

शाळेतून पण तक्रार आली, पीटीच्या तासाला एक मुलगा पडला, रडत होता आणि हा बाजूला उभा राहून कान झाकत होता. बाई म्हणाल्या ह्याला कोणाचं काही पडलेलं नाही. ते वाक्य मला फार लागलं, कारण हाच मुलगा गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा रोज पाणी ठेवायला जायचा.

सासूबाई म्हणतात वय आहे, होईल. ह्यांचं म्हणणं मुलगे असेच असतात. मायग्रेनचा आणि ह्याचा संबंध असतो का? मानसोपचाराला न्यावं का? कोणाच्या घरी असं मूल असेल तर सांगा.

---

पलासियाकर

ताई, चष्म्याचा नंबर तपासा आणि मोबाईल बंद करा, आमच्या भाच्याचं डोकं त्याने थांबलं.

---

मका आणि मटार

ताई, तुमचं वाचून आमच्या लेकीची दहा वर्षांची असतानाची आठवण आली, आता ती दहावीत आहे. तिलाही मायग्रेन. तिचं "माहीत नाही" नव्हतं, तिचं सगळं अंगातून निघायचं. शाळेत स्टेजवर बोलायचं असलं की पोट दुखायचं, मैत्रीण दुसरीकडे बसली की पाय दुखायचे. आम्ही बरेच दिवस पायाला तेल लावत होतो.

आमच्याकडे फरक पडला तो समोरासमोर बसवून विचारणं सोडलं तेव्हा. समोर बसवून "काय वाटतंय सांग" म्हटलं की मुलाला परीक्षेला बसल्यासारखं होतं. त्यापेक्षा हातात काम द्या आणि शेजारी बसा. आम्ही भुट्ट्याचा कीस करायचा असला की तिला कणसं किसायला बसवायचो. नजर कणसावर, हात चालू, आणि मग मी आपली माझंच काहीतरी सांगायची, की आज ऑफिसात एक बाई मला न विचारता माझी फाईल घेऊन गेली, मला इतका राग आला की कान गरम झाले. एवढंच, तिला काही विचारायचं नाही. एकदा किसता किसता मान वर न करता म्हणाली, "माझे कान नाही गरम होत, माझा गळा दाबल्यासारखा होतो." मी हो का, एवढंच म्हटलं आणि पुढचं कणीस दिलं. त्यानंतर हळूहळू गळा दाबल्यासारखा म्हणजे रडू अडवलंय, दात आवळले म्हणजे राग आलाय, हे तिचं तिनेच जुळवलं. वेळ लागला, काही महिने गेले.

आणि सासूबाईंना हाताशी धरा. आमच्याकडे आजीनेच सगळ्यात जास्त काम केलं, तिला उत्तराची घाई नसायची ना.

---

विजयनगर २१

मी स्वतः २१ वर्षांचा आहे, मायग्रेन सात-आठ वर्षांचा असल्यापासून. काकू, तुम्ही लिहिलंय तो कान झाकून उभा होता. त्याला पडलेलं नव्हतं असं नाही, त्याला ते रडणं सहन होत नसेल. माझा अटॅक येणार असला की आदल्या दिवसापासून किंवा काही तास आधी मी वेगळाच माणूस होतो, जांभया येतात, गोड खावंसं वाटतं, कोणी जवळ येऊन बोललं तरी नकोसं होतं, घरातले कुकरची शिट्टी झाली तरी मी ओरडलो म्हणून सांगतात. समोरचा माणूस हसतोय का चिडलाय हे बघायला डोक्यात जागाच उरत नाही, सगळी ताकद उजेड आणि आवाज थोपवण्यात जाते. दुखणं सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे, त्यामुळे लोकांना दिसत काहीच नाही, दिसतो फक्त तुसडेपणा.

म्हणून रंगपंचमीचं तुम्ही उलटं बघा. मित्राशी तुटक वागला आणि मग डोकं दुखलं असं तुम्ही लिहिलंय, पण मला वाटतं अटॅक दारातच सुरू झाला होता. गेरमध्ये मार्चचं ऊन, टँकर, डीजे, धक्काबुक्की, रंगाचा वास, हे सगळं डोळ्यासमोर आलं असेल आणि तोंडातून "नाही येत" एवढंच निघालं. मी तर आजही जात नाही, मित्र गच्चीवरून व्हिडिओ कॉल करतात आणि मी आवाज बंद करून बघतो.

घरचे मला विचारायचे, कोणाशी भांडलास म्हणून डोकं दुखतंय? त्यामुळे कितीतरी वर्षं मला वाटायचं की आपण भांडतो म्हणून शिक्षा मिळते. हे त्याच्या मनात बसू देऊ नका प्लीज.

---

मुलांची काउन्सेलर, इंदूर

मी मुलांबरोबर काम करते. वरच्या दादाने लिहिलंय ते अगदी मोलाचं आहे, अटॅकच्या आधीची चिडचिड आणि माणसं नकोशी होणं हा मायग्रेनचाच भाग असतो. लहान मुलांमध्ये एक आणखी घोळ होतो. मोठ्यांचा अटॅक ४ ते ७२ तासांचा धरतात, मुलांमध्ये २ तासांचाही धरतात, आणि दुखणं बहुतेकदा अर्ध्या डोक्याऐवजी कपाळावर दोन्हीकडे असतं. त्यामुळे मूल दुपारी निपचित आणि संध्याकाळी खेळायला तयार, आणि बघणाऱ्याला वाटतं नाटक होतं.

आता मूळ प्रश्न. स्वतःच्या भावना ओळखायला आणि सांगायला जड जाणं ह्याला अलेक्सिथायमिया म्हणतात, १९७० च्या दशकात पीटर सिफ्नेऑस ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी ही कल्पना मांडली. हा आजार नाही, कोणात कमी कोणात जास्त असा गुण आहे. मुलांसाठी २० प्रश्नांची प्रश्नावली पण आहे, तिच्यात तीन बाजू बघतात: भावना ओळखता येते का, शब्दांत सांगता येते का, आणि लक्ष आत जातं का सगळं बाहेरच असतं. मायग्रेन असलेल्या मुलांवर इटलीत बरंच काम झालंय आणि त्यात ओळखायला जड जाणं जास्त दिसतं. संबंध दिसतो म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं मात्र धरू नका. सतत दुखण्याकडे लक्ष ठेवणाऱ्या मुलाला पोटातली कळ भीतीची का मळमळीची हे वेगळं करता येत नाही, असंही असू शकतं.

दुसऱ्याचं मन कळणं ही आणखी निराळी गोष्ट. ह्यासाठी लहान मुलांना एक गोष्ट दाखवतात, एका मुलीने चेंडू टोपलीत ठेवला, ती बाहेर गेल्यावर दुसरीने तो डब्यात टाकला, आता पहिली येऊन कुठे शोधेल? साधारण चार-पाच वर्षांची मुलं टोपलीत म्हणतात. तुमचा मुलगा हे सहज सांगेल. रुसवा-फुगवा, न बोललेलं समजणं हे पुढचं असतं, आणि त्यासाठी मुलांच्या घोळक्यात वेळ लागतो. मधली सुट्टी सिकरूममध्ये, वाढदिवस चुकला, पिकनिक चुकली, म्हणजे तो सरावच बुडतो. कुत्रीच्या पिल्लांना पाणी ठेवणारा मुलगा कोरडा नाही, तो तिथे शांतपणे बघू शकत होता म्हणून त्याला कळलं.

"तो का रुसलाय" हे त्याने तुम्हाला विचारलं ही चांगली गोष्ट आहे हो ताई. त्याला कळून घ्यायचंय. अशा वेळी लेक्चर नको, फक्त मित्राच्या जागेवरून गोष्ट सांगायची: तो सकाळपासून तयार होता, पिचकारी भरून जिना चढून आला, दार उघडलं आणि लगेच बंद झालं, मग तो जिन्यात एकटा उभा राहिला असेल. आणि थांबायचं.

मानसोपचाराला आणायला हरकत नाही, आणाच. १० ते १७ वयाच्या, फार वारंवार मायग्रेन होणाऱ्या मुलांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात औषधाबरोबर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे मानसोपचार) घेतलेल्यांचे डोकेदुखीचे दिवस २८ दिवसांत सरासरी ११.५ ने कमी झाले, नुसती माहिती आणि तेच औषध घेतलेल्यांचे ६.८ ने. औषध डॉक्टर सांगतील तेच, मनाने बंद करायचं नाही.

पलासियाकर, डोळे तपासायला काहीच हरकत नाही, पण मायग्रेन चष्म्याने जात नाही.

---

सरकारी शाळेतल्या बाई

मी शिकवते म्हणून एवढंच. वर्गात चाळीसच्या वर मुलं असतात, कान झाकलेलं मूल बघून मला कोणी आधी सांगितलेलं नसेल तर मीही चुकीचा अर्थ काढीन. शाळेला भांडायला जाऊ नका, एक पानभर लिहून द्या: अटॅकच्या आधी हा कसा दिसतो, काय करायचं, कुठे बसवायचं, कोणतं औषध कोण देणार. पीटीच्या सरांना वेगळी कॉपी द्या, वर्गशिक्षिकेला दिलेला कागद त्यांच्यापर्यंत कधीच पोचत नाही. आणि बाहेर काढून बसवताना एखादा मित्र बरोबर द्यायला सांगा, एकटं बसवू नका.

---

सुदामानगरची आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, ह्यांना पण वाचायला दिलं, दोनदा वाचलं त्यांनी. ते आधी तुटक होतो आणि मग दुखतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आता डायरीत बघतेय तर दुखण्याच्या वेळा लिहिल्यात पण आधीच्या दिवसाचं काही नाही. काउन्सेलर ताई, डायरीत मूड पण लिहू का? आणि मित्राचं काय करू, मी जाऊन त्याच्या आईशी बोलू का?

---

विजयनगर २१

काकू, मित्राशी त्यालाच बोलू द्या, तुम्ही फक्त वाक्य तयार करून द्या. माझं वाक्य होतं, "डोकं भरून आलं की मला बोलता येत नाही, तुझ्यावर राग नसतो." आणि एक खूण ठरवा, मी नुसता कपाळाला हात लावायचो, मित्रांना कळायचं आता ह्याला सोडा. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

---

मुलांची काउन्सेलर, इंदूर

मूड लिहा, पण तुम्ही लिहा, त्याला दिवसातून चारदा विचारू नका. जांभया, चिडचिड, उजेड नको म्हणणं, झोप किती, जेवण चुकलं का, एवढं एका ओळीत. दुखण्यावरची साधी गोळी महिन्यात किती दिवस दिली तेही मोजा, १५ दिवसांपर्यंत जायला लागली तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, त्याच्या बरंच आधी डॉक्टरांना सांगा. मुलांना ॲस्पिरिन मनाने द्यायची नाही. झोपेतून उठवणारं दुखणं, रोज सकाळी उलटी, चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, ताप आणि मान आखडणं ह्यातलं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच दवाखान्यात.

माझ्याकडे किंवा कोणाकडेही न्याल तेव्हा डायरी आणि शाळेचं ते पत्र दोन्ही घेऊन या, आणि त्याला आधी सांगा की तिथे गोळी किंवा सुई नसते, गप्पा आणि खेळ असतात. शक्यतो अटॅकच्या दुसऱ्या दिवशी आणू नका, त्या दिवशी मुलं थकलेली असतात.