'बीस्टली': शाप कुरूपतेचा, पोरगा मात्र देखणाच

सांजवात
रविवारी भाचीच्या आग्रहाखातर 'बीस्टली' (२०११) पाहिला. 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची गोष्ट आजच्या न्यूयॉर्कमधल्या शाळकरी पोरांत आणून ठेवली आहे. काइल हा श्रीमंत, देखणा आणि माजोरडा मुलगा. बाप टीव्हीवर बातम्या देतो. काइल शाळेतल्या केंड्राचा चारचौघांत अपमान करतो. ती निघते चेटकीण. वर्षभरात कुणी मनापासून 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हटलं नाही, तर कायमचा असाच राहशील, असा शाप देते.

आता 'असाच' म्हणजे कसा? केस गेले, चेहऱ्यावर व्रण आणि धातूसारखी नक्षी, अंगभर टॅटू. बस्स. खांदे तसेच, जबडा तसाच, डोळे तसेच. हा पोरगा फर्ग्युसन रोडवरून चालत गेला तर लोक घाबरणार नाहीत, टॅटूवाल्याचा पत्ता विचारतील. अ‍ॅलेक्स फ्लिनच्या ज्या कादंबरीवरून (२००७) सिनेमा केलाय, तिच्यात तो खरोखर केसाळ, नख्यांचा प्राणी होतो. म्हणजे लेखिकेला जमलं आणि कॅमेऱ्यापुढे हिंमत झाली नाही. नायकाचा चेहरा झाकला तर तिकिटं कोण काढणार, हीच भीती असणार. रूपापलीकडे बघा असं सांगणारा सिनेमा स्वतःच रूपापलीकडे बघायला तयार नाही.

आणि ती लिंडी! एकाच शाळेत शिकते, त्याच्यावर मनातून भाळलेली आहे. तरी त्याच आवाजाच्या, त्याच उंचीच्या मुलाला, त्याने 'हंटर' असं खोटं नाव सांगितलं म्हणून, महिनोन्‌महिने ओळखत नाही.

खडूस
धागाकर्तीशी असहमत. हा सिनेमा सोळा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आपल्यासारख्या चष्मेवाल्यांसाठी नाही. त्या वयात नाकावर एक पुटकुळी आली तरी स्नेहसंमेलनाला न जाणारी पोरं असतात. त्यांना शिंगंवाला राक्षस परका वाटेल, टकला आणि व्रण असलेला मुलगा नाही वाटणार. गोष्ट त्या वयाच्या मापाने बेतली, त्यात गैर काय?

बाकी न ओळखण्याचं म्हणाल तर 'संगीत सौभद्र' (१८८२) आठवा. अर्जुन यतीच्या वेशात समोर बसलाय, ज्याच्यासाठी झुरतेय तोच. सुभद्रा ओळखते का? तिथे आपण वन्स मोअर देतो आणि इथे लॉजिक काढतो!

दादरकर
सौभद्र +१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सांजवात
@खडूस, सौभद्रात न ओळखण्याचीच तर गंमत आहे. अर्जुन तिथे बसून मजा घेतो, कृष्ण सूत्रं हलवतो, आपण त्या कटात सामील असतो. इथे गंमत कुणीच घेत नाही, सगळे गंभीर चेहरे करून बसलेत.

मी_अमृता
मला वेगळंच खटकलं. माझ्या मावशीला कोड होतं. लग्न जमेना, आणि येणारी-जाणारी बायामाणसं 'मागच्या जन्मीचं काहीतरी असणार' म्हणायची. घरात, तिच्या समोर. या सिनेमात व्रण म्हणजे पापाची शिक्षा. सुधारलास की चेहरा गुळगुळीत. ज्याच्या चेहऱ्यावर खरंच भाजल्याचे डाग आहेत त्या मुलाने हा सिनेमा बघून काय समजायचं? खडूस म्हणतात की राक्षस परका वाटेल. माझ्या मते राक्षसच बरा होता. तो कुणासारखा दिसत नाही, त्यामुळे कुणाला लागत नाही.

खडूस
मावशींबद्दल वाचून वाईट वाटलं. पण हा दोष या सिनेमाचा कसा? मूळ गोष्टच तशी आहे ना, गर्विष्ठ राजपुत्राला शाप?

सांजवात
नाही! इथेच सगळे फसतात. गर्वाची शिक्षा हे १९९१च्या डिस्नेने लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं. मूळ गोष्ट फ्रेंच. मादाम द व्हिलनव्हने १७४० मध्ये ती चांगली ऐसपैस लिहिली. तिच्यात परीला राजपुत्राशी लग्न करायचं असतं, तो नाही म्हणतो, म्हणून ती त्याला पशू करते. पुढे १७५६ मध्ये मादाम द बोमाँने ती आटोपशीर केली, आज जगभर माहीत आहे ती साधारण हीच. बोमाँच्या गोष्टीत तर एका दुष्ट परीने शाप दिला, एवढंच. राजपुत्राचा अपराध काही नाही. त्याला सुधारायचं नसतंच, तो पहिल्यापासून भला असतो. डोळे उघडायचे असतात ते मुलीचे.

बोमाँ इंग्लंडमध्ये मुलींना शिकवायची आणि त्यांच्यासाठीच लिहायची. त्या काळच्या मुलींना घरच्यांनी ठरवलेल्या, बहुधा वयाने मोठ्या अनोळखी माणसाच्या घरी जायचं असे. ती भीती या गोष्टीत आहे, असं बरेच अभ्यासक म्हणतात. आपल्याकडे कांदेपोह्यांच्या ताटामागे बसलेल्या मुलीला हे समजावून सांगावं लागणार नाही. पंचतंत्रातही सापाशी लग्न लागलेली मुलगी आहेच की.

आणि अजून एक. बोमाँच्या गोष्टीत मुलीच्या बापाने बीस्टचा गुलाब तोडला म्हणून तो मुलगी मागतो खरा, पण ती स्वखुशीने आली पाहिजे अशी अट घालतो. नंतर रोज रात्री विचारतो, लग्न करशील का? ती रोज नाही म्हणते. तो उसासा टाकून निघून जातो. 'बीस्टली'त काइल लिंडीच्या व्यसनी बापाला कचाट्यात पकडतो आणि पोरगी आपल्या घरात आणवतो. १७५६चा पशू नकार ऐकून घेतो आणि २०११चा मुलगा ब्लॅकमेल करतो, मग आधुनिक कोण?

खडूस
हा मुद्दा मान्य. पूर्ण मान्य. पण बोमाँच्या गोष्टीतही बाप वाचावा म्हणूनच ती जाते. बाप मरेल हे दिसत असताना 'स्वखुशी' कसली?

सांजवात
बरोबर आहे, घट्ट बांधलेली खुशी आहे ती. तरी विचारलं जातं, हा फरक मी सोडणार नाही.

बंडू_एक
मला तर आवडला ब्वा. नील पॅट्रिक हॅरिसचा आंधळा शिक्षक धमाल आहे, त्याचे टोमणे ऐकायला तरी बघा. अवांतर: त्याच मार्चमध्ये 'ट्वायलाइट'च्या दिग्दर्शिकेचा 'रेड रायडिंग हूड' पण आला होता. तोही पाहिलाय मी. त्यापुढे 'बीस्टली' म्हणजे क्लासिक.

दादरकर
@बंडू_एक, तुमच्या सहनशक्तीला दंडवत.
कोणी याच गोष्टीवरचा ज्याँ कोक्तोचा १९४६चा फ्रेंच सिनेमा पाहिलाय का? बीस्ट झालेल्या ज्याँ मारेच्या मेकपला म्हणे रोज पाच-पाच तास लागत. चेहरा पार झाकलेला, फक्त डोळे दिसतात. आणि त्या डोळ्यांवर आख्खा सिनेमा उभा आहे. शेवटी राजपुत्र समोर उभा राहतो तेव्हा नायिका बेल म्हणते, सवय करून घ्यावी लागेल. मी चाट पडलो होतो.

मी_अमृता
हे भारी आहे. म्हणजे तिला पशूची सवय झालेली!

खडूस
बघतो हा कोक्तो. सबटायटल्स लागतील ना? पण सौभद्रचा माझा मुद्दा धागाकर्तीने नुसता टोलवलाय, खोडलेला नाही, एवढं नोंदवून ठेवतो.