दिवाळीनंतर घरच्या होडीतून एक दिवस : कृष्णा की हिडकल?

निपाणीकर : नमस्कार. आमच्या थोरल्या मामांनी गोव्यात आउटबोर्ड इंजिनाची, सहा माणसे बसतील अशी फायबरची होडी घेतली असून ती ट्रेलरवरून इकडे आणण्याचा त्यांचा विचार आहे. दिवाळीनंतर हवा गार झाली की एक पूर्ण दिवस पाण्यावर काढावा, अशी घरच्यांची इच्छा आहे. बरोबर मामी आणि दोन मुले असतील. बेळगाव जिल्ह्यातील येडूरला होडी सोडून कृष्णेतून उगारकडे जावे, की हिडकल धरणाच्या जलाशयात फिरावे, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ, चिकोडी : नकाशावर कृष्णा सलग दिसते, परंतु होडीवाल्यासाठी ती बंधाऱ्याबंधाऱ्यांत तुटलेली आहे. पावसाळा सरल्यावर बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले जातात, मागे पाणी तुंबते आणि त्या फुगवट्यात होडीपुरती खोली मिळते; मात्र बंधारा ओलांडता येत नाही. म्हणून येडूर-उगार असा सलग बेत न धरता एकच टप्पा निवडावा, त्याची दोन्ही टोके आधी रस्त्याने जाऊन पाहावीत आणि त्यातच जाऊन परत यावे.

काठ सोडून मधल्या धारेत राहणे बरे. काठाला शेतकऱ्यांच्या जॅकवेल (पाणी उपसण्याच्या विहिरी), मोटारींचे पाइप आणि वायरी असतात, कोळ्यांची जाळी असतात, आणि जाळे पंख्यात गुंतले की इंजिन जागीच बंद पडते. सकाळी धुके असेल तर ते विरेपर्यंत निघूच नये. कृष्णेत मगरी आहेत. थंडीच्या दिवसांत त्या उन्हासाठी काठावर येऊन पडतात, त्यामुळे मुलांनी पाण्यात हात-पाय सोडणे किंवा जेवणासाठी निर्मनुष्य वाळूवर उतरणे टाळावे. हे वाचून मामींचा बेत फिरला तर क्षमा असावी!

हुक्केरीचा रहिवासी : मी हिडकल सुचवेन. घटप्रभेवरील हे धरण सुमारे ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचे असून चांगला पाऊस झालेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास जलाशय भरलेला असतो. पण तेथे वेगळी काळजी घ्यावी लागते : उघड्या पाण्यावर दुपारी वारा वाढला की लहान होडीला लाटांचा मार बसतो, म्हणून लांबचा पल्ला सकाळीच उरकावा. हुन्नूरचे विठ्ठल मंदिर याच जलाशयात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दिसणारे हे देऊळ दिवाळीच्या दिवसांत पाण्याखाली असते, तेव्हा स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय त्या बाजूला जाऊ नये. धरणाच्या भिंतीपासून दूर राहावे आणि होडी उतरवण्यापूर्वी धरणाच्या व्यवस्थापनाकडून लेखी परवानगी घ्यावी.

गोकाककर : वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त पुढे धुपदाळच्या बाजूला इंजिनाची होडी नेऊ नये, ते पक्षी अभयारण्य आहे, आणि हिवाळ्यात तेथे करकोचे उतरतात. शिवाय २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात यांत्रिक होडीसाठी नोंदणी, तपासणी आणि विमा यांच्या तरतुदी आहेत. गोव्यात विकत घेताना मामांना कोणती कागदपत्रे मिळाली, हे आधी पाहावे. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे असावे, मोठ्यांचे त्यांच्या खांद्यांवरून निसटते.

निपाणीकर : सर्वांचे मनापासून आभार. मामांशी बोलणे झाले; हिडकलच ठरवत आहोत, आणि परवानगीचे पत्र हाती आल्याशिवाय ट्रेलर हलवणार नाही. होडी पाण्यात सोडण्यासाठी तेथे ट्रेलर काठापर्यंत नेता येईल असा पक्का उतार कोणत्या बाजूला आहे, हे हुक्केरीच्या सदस्यांनी सांगितल्यास उपकार होतील.