मदत हवी आहे: तैलरंगातली जास्वंद वाळतच नाही, वर रंग दिला की चिखल होतो

परसातली_जास्वंद (शहापूर, बेळगाव)
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. परसातली लाल जास्वंद समोर ठेवून ऑइलमध्ये करायला घेतलीय. पहिला थर अजून ओलाच. बोट लावलं की लाल होतंय. वर सावली द्यायला गेले की खालचा रंग ब्रशला येतो आणि सगळं चॉकलेटी. चतुर्थीला आत्या येणार आहेत, चित्र त्यांना द्यायचंय. लवकर वाळायला काय करू? अ‍ॅक्रिलिक वापरा असं कृपया कुणी सांगू नका.

झटपट_रंग
तरी सांगतो, अ‍ॅक्रिलिकच घ्या. अर्ध्या तासात वाळतं. आपल्याकडच्या पावसात ऑइल हा हट्ट आहे.

जुना_ब्रश (टिळकवाडी)
त्यांनी नको म्हटलंय की. ताई, आधी हे सांगा: रंगात कुठलं तेल घातलंय? लाल नेमका कुठला? चित्र कुठं ठेवलंय? आणि सुरू कधी केलं?

परसातली_जास्वंद
नेहमीचंच तेल. कपाटात ठेवलंय, घरात लहान मुलं आहेत. लाल म्हणजे लालच.

जुना_ब्रश
'नेहमीचं' म्हणजे जवसाचं की आणखी कुठलं? बाटलीवर काय लिहिलंय ते बघून सांगा. ट्यूबवरचं नावही.

रानवाट
मी वेगळं सांगते. घरात बसून फूल करूच नका. पाऊस ओसरला की जांबोटी, कणकुंबीकडे जा. मलप्रभा उगम पावते तिथून पुढं चोर्ल्यापर्यंत रस्त्याकडेला तेरडा आणि सोनकी असते. फूल झाडावर असताना त्याचा देठ कसा झुकतो ते ग्लासातल्या फुलात दिसत नाही. फक्त कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत धरा. कॅनव्हासवर ऊन पडलं की रंग उजळ वाटतात, मग आपण गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळपट दिसतं.

झटपट_रंग
पावसात कणकुंबीला ऑइल? छत्री धरायला कोण येणार?

रानवाट
पाऊस ओसरला की, असं लिहिलंय. नीट वाचा.

परसातली_जास्वंद
बाटली बघितली. खसखशीचं तेल आहे. जवसाचं पिवळं पडतं असं व्हिडिओत सांगितलं होतं. लाल ट्यूबवर अ‍ॅलिझरिन क्रिमझन (किरमिजी लाल) असं लिहिलंय. त्यात टायटॅनियम व्हाइट घातलाय. श्रावण लागायच्या आधी सुरू केलं. आता तरी सांगा.

जुना_ब्रश
मग वाळणार कसं? तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खसखशीचं तेल जवसापेक्षा सावकाश घट्ट होतं, अ‍ॅलिझरिन आणि टायटॅनियम दोन्ही मुळातच संथ, त्यावर कपाटातला अंधार आणि कोंदट हवा. जवसाचं तेलही अंधारात जास्त पिवळं पडतं, उजेडात ठेवलं की बराच पिवळेपणा उतरतो. तेव्हा चित्र बाहेर काढा. उजेड आणि वारा पाहिजे. कडक ऊन नको, भिंतीला चिकटवूनही ठेवू नका, मागून बुरशी धरते.

ड्रायरवाला
हेअर ड्रायर मारा, मी तसंच करतो.

जुना_ब्रश
वरची साय धरते, आत ओलं राहतं. मग सुरकुत्या पडतात.

झटपट_रंग
अल्किड मीडियम मिळतं, म्हणजे ऑइल लवकर वाळावं म्हणून रंगात मिसळायचं द्रव्य, ते वरच्या थरात घाला. पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला लागत नाही. लिक्विन या नावाचं विचारा दुकानात.

जुना_ब्रश
मीडियम चांगलं आहे, पण या ओल्या थरावर नको. खालचा संथ आणि वरचा लवकर वाळणारा असला की वरचा तडकतो. खाली कमी तेल, वर जास्त, हे त्यासाठीच. ताई, माझं ऐका, पॅलेट नाइफनं हा थर खरवडा. टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून घ्या आणि एका बैठकीत नवीन करा. जास्वंदीचं फूल तसंही साधारण दिवसभरच टिकतं. सकाळी उमललेलं संध्याकाळी मिटायला लागतं, म्हणजे तुम्ही रोज वेगळंच फूल रंगवत होता.

खानापूरची_माती
चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांच्या बेळगावात हा प्रश्न विचारला जातोय याचा आनंद वाटतो. चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. आपल्याकडं समोर वस्तू ठेवून काम करायची परंपरा आहे, फोटोवरून करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

ड्रायरवाला
फोटोवरून केलं तर काय बिघडतं? फूल मिटलं तरी फोटो मिटत नाही.

खानापूरची_माती
फोटोत लाल पाकळीचा तपशील जातो, नुसता सपाट लाल डाग उरतो. त्यातल्या शिरा आणि घडी कुठून आणणार?

परसातली_जास्वंद
फोटोचं मी विचारलं नव्हतं. खरवडायला जीव होत नाही, पण ठीक. मग एका बैठकीत सावली कशी करू? काळा घालू?

रानवाट
काळा नको. सावलीला अ‍ॅलिझरिनमध्ये थोडा अल्ट्रामरीन निळा. उजेडाच्या बाजूला पांढरा घातलात की गुलाबी पिठूळ दिसेल, त्याऐवजी शेंदरी लाल आणि कणभर पिवळा. आणि फूल खिडकीसमोर धरून बघा. उजेड पाकळीच्या मागून आला की ती नारिंगीकडे झुकते, आणि दोन पाकळ्या एकावर एक येतात तेवढीच पट्टी गडद किरमिजी राहते. ती पट्टी जपा. मधला दांडा शेवटी, त्यावरचे पिवळे ठिपके जाड रंगानं एकदाच टेकवा.

जुना_ब्रश
हे पटलं. खिडकी उत्तरेची असेल तर उजेड दिवसभर फारसा हलत नाही. आणि पुढच्या वेळी अ‍ॅलिझरिनऐवजी परमनंट रोझ घ्या, जुनं अ‍ॅलिझरिन उजेडात फिकं होतं. ट्यूबवर रंगद्रव्याचा नंबर असतो, पीआर ८३ असेल तर ते जुनं अ‍ॅलिझरिन, परमनंट रोझचं पीव्ही १९ टिकतं. आत्यांच्या भिंतीवर वर्षानुवर्षं राहायचंय ते.

घाण्याचं_तेल
जवसाचं तेल आमच्या घाण्यावर मिळतं की. बाहेरून कशाला मागवायचं?

जुना_ब्रश
ते भाकरीवर घ्या. रंगासाठी शुद्ध केलेलं चित्रकारांचंच लागतं.

सोनचाफा_७
कुणी विचारलं नाही, पण सांगतेच, घरात मुलं आहेत म्हणून. तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते, बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

परसातली_जास्वंद
हे माहीतच नव्हतं, फडकी लगेच उचलते. खरवडून झालं. सोप्यातली खिडकी उत्तरेचीच निघाली. उद्या सकाळी फूल काढल्याबरोबर बसणार, जवसाचं तेल अगदी थोडं घालून, आणि या वेळी अल्किड. चतुर्थीपर्यंत हाताला लागायचं थांबलं तर काचेची फ्रेम करून देऊ का?

जुना_ब्रश
काच नको, नुसती लाकडी पट्टीची फ्रेम. आणि आत्यांना सांगून ठेवा, सहा महिने तरी व्हार्निश नाही. नंतर चित्र परत मागवून लावून द्या.