चहाच्या अर्काभोवती वलयच दिसत नाही, मदत हवी आहे

धागाकर्ती:
आतड्यातील रोगकारक जिवाणूंवर चहाच्या अर्काचा काय परिणाम होतो हे तपासण्याचा माझा प्रकल्प आहे आणि येत्या सोमवारी निष्कर्ष दाखवायचे आहेत. तीन वेळा प्लेट लावली. तिन्ही वेळा जिवाणू डिस्कच्या (अर्क मुरवलेल्या कागदी चकतीच्या) काठापर्यंत वाढले, वलयाचा, म्हणजे जिवाणू न वाढलेल्या मोकळ्या कड्याचा, मागमूसही नाही. चहा जिवाणूंना मारतो असे सगळीकडे वाचायला मिळते, मग माझ्याच प्लेटमध्ये काय बिघडते? कृपया लवकर उत्तर द्यावे.

सूक्ष्मदर्शी:
कोणता चहा, अर्क पाण्यातला की एथेनॉलमधला, डिस्कवर किती मिलिग्रॅम, जिवाणू कोणता, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. हिरव्या चहात कॅटेचिने, म्हणजे जिवाणूंना रोखणारी पॉलिफेनॉल गटातील रसायने, भरपूर असतात. काळा चहा तयार होताना ऑक्सिडीकरणाने त्यांतील बराच भाग थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन या रंगद्रव्यांत बदलतो. त्यामुळे नुसते ‘चहा’ म्हणून काही बोध होत नाही.

धागाकर्ती:
हिरवा चहा, पाण्यातला अर्क, ई. कोलाय आणि साल्मोनेला. बाकी सर्व नेहमीच्या पद्धतीनेच केले आहे.

नळीपंथी:
माझे ऐकाल तर डिस्क सोडून द्या. चहातील मोठे पॉलिफेनॉल रेणू अगारमधून (प्लेटमधील जेलीसारख्या माध्यमातून) संथपणे पसरतात, म्हणून वलय नसणे म्हणजे परिणाम नसणे असे होत नाही. द्रव माध्यमाच्या नळ्यांत अर्क निम्मा-निम्मा विरळ करत जाऊन वाढ कोठे थांबते ते पाहावे. शिवाय आपले दोन्ही जिवाणू ग्रॅम ऋण आहेत. त्यांच्या बाह्य पटलामुळे कॅटेचिनांना आत शिरणे जड जाते. तुलनेसाठी असे पटल नसलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूची एक प्लेट अवश्य लावावी.

जुना प्रयोगी:
नळ्यांचा हा आग्रह मला पटत नाही. अर्क मुळात रंगीत, त्यात माध्यमातील प्रथिनांशी जुळून साका धरतो, मग गढूळपणा जिवाणूंचा की चहाचा हे कसे ठरवणार? त्यातच माध्यमात कॅटेचिनांचे आपोआप ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. हे पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेज विकर घातलेली एक नळी सोबत नसेल, तर श्रेय नेमके कोणाला द्यायचे तेही कळत नाही.

नळीपंथी:
नुसत्या डोळ्यांनी ठरवा असे मी कोठे म्हटले? प्रत्येक नळीतला थेंब ताज्या अगारवर पसरून वसाहती मोजता येतात.

काढाप्रेमी:
एवढा खटाटोप कशासाठी? मॅकनॉट या लष्करी डॉक्टरने थंड आणि कोमट चहाचा विषमज्वराच्या जिवाणूवर होणारा परिणाम 1906 सालीच प्रसिद्ध केला होता. पोट बिघडले की मी कोरा चहा घेतो, गुण येतो.

सूक्ष्मदर्शी:
पोट बिघडल्यावर काय प्यावे असे येथे कोणी विचारलेले नाही, आणि जुलाबात आधी लागते ती मीठ-साखरेची जलसंजीवनी. धागाकर्तीस विचारतो: ‘नेहमीच्या पद्धतीने’ म्हणजे अर्क निर्जंतुक कसा केला?

धागाकर्ती:
ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत), 121 अंशांवर 15 मिनिटे. हे वेगळे लिहिण्यासारखे वाटले नाही.

सूक्ष्मदर्शी:
हेच पहिल्या ओळीत हवे होते. तेवढ्या उष्णतेत काही कॅटेचिनांची रचना बदलते आणि काहींचे विघटन होते, म्हणजे आपण तपासला तो अर्क मुळातला राहिलाच नव्हता. ताजा अर्क 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून काढून त्याच दिवशी वापरावा. पद्धत बरोबर चालते हे पडताळण्यासाठी लावतात त्या प्रतिजैविकाच्या डिस्कभोवती तरी वलय आले होते ना?

धागाकर्ती:
ती डिस्क लावलीच नव्हती. गाळणी प्रयोगशाळेत आहे, उद्या सकाळी दोन्ही करते.

नळीपंथी:
करणारच आहात, तर सोबत चार नळ्याही लावाव्यात.